उप्पू

आई देगलूरला आली तेव्हा
तिच्याजवळ मराठीचा एक शब्द नव्हता.
ट्रंकेत चार साड्या, एक पितळी डबा
आणि पोसानी हे नाव.
त्याच्यावर तांदळात अंगठीनं पुष्पा लिहिलं गेलं.

पहिल्या दिवशी तिनं उप्पू मागितलं.
सगळं घर हसलं, बाबा सगळ्यात जास्त.
मग तिनं हवेत चिमूट चोळली,
आमटीवर सोडतात तशी,
तेव्हा आत्यानं मिठाची बरणी पुढं केली.
वर्षभर मी मुकाच होतो बघ, असं ती म्हणते.
बाई आला, गिरणी चालला,
तिचं अजून तसंच आहे.

म्हणूनच असेल,
व्यंकट तीन वर्षांचा झाला,
मागं ताट आपटलं तरी वळेना,
नांदेडच्या डॉक्टरनं कागदावर
खाली खाली उतरत गेलेली रेघ दाखवली,
तेव्हा बाबा बाकावर बसून राहिले.
आई त्याच्यासमोर उकिडवी बसली
आणि हवेत चिमूट चोळली.
तो हसला.
हा शब्द त्याला आधीच येत होता.

सातव्या वर्षी त्याला शाळेत ठेवलं,
तिथं त्याच्यासारखीच साठ पोरं.
दिवाळीला आला तो हातभर नवी भाषा घेऊन,
इतका भरभर बोलायचा
की आमच्या चिमटी, आमच्या भुवया मागंच राहायच्या.
मिठाची खूणसुद्धा त्याची वेगळी.
आई पुन्हा नवी नवरी झाली,
चुलीपाशी गप्प, दुसऱ्याच्या बोटांकडं बघत.
चार दिवसांत शिकली मात्र. चुकायची, तो तिचा अंगठा धरून
नीट करायचा.

दुभाषी मी होते, आणि आळशी.
पाहुणे अर्धा तास हसायचे,
तो विचारायचा, काय?
मी खूण करायची, काही नाही, नंतर सांगते.
बाबांच्या वहीत गिऱ्हाइकांची उधारी,
माझ्याकडं त्याची ही.

बाबांचे कान गिरणीनं दळले.
बत्तीस वर्षं पट्ट्याशेजारी.
कबूल करायचे नाहीत.
न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला हाव, हाव.
कुणी जाड म्हटलं तर बारीक दळायचे.
मागच्या श्रावणात शंकरप्पाचा पोरगा
बाप गेल्याचं सांगायला आला,
बाबा हसून म्हणाले, हाव, बरं झालं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.
व्यंकटनं समजूत घातली नाही, गळ्यात पडला नाही.
सकाळी गिरणीत एक पाटी टांगली,
अर्ध्यात जाड, अर्ध्यात बारीक,
गिऱ्हाइकानं बोट ठेवायचं.
मग स्टूल ओढून बापासमोर बसला.
बाबांची बोटं जात्याच्या दगडासारखी, वळत नाहीत.
खूण करतानासुद्धा ते ओरडतात,
शेजारचे खिडकी लावून घेतात.

आमची सगळ्यांची नावं त्यानंच ठेवली:
भुवईवरचं पीठ झटकलं की बाबा,
डोळे फिरवून वेणी मागं टाकली की मी,
हनुवटीच्या गोंदणावर बोट टेकलं की आई.
त्या नावात पोसानी नाही, पुष्पाही नाही,
पण हाक मारली की ती लगेच बघते.

काल जेवताना लाईट गेली.
आधी आम्ही अंधारात बोलत राहायचो
आणि एक जण ताटावर असून नसायचा.
आता दोघं.
आई मोबाइलची बॅटरी शोधायला उठली,
भांडी खडखडली,
तेवढ्यात बाबांचा आवाज आला,
लांबच्या माणसाला मारावी तशी हाक,
उप्पू!

आई जिथं होती तिथंच थांबली,
मग भिंतीला टेकून हसायला लागली.
उजेड लावून तिनं तो स्वतःच्या तोंडावर धरला,
मग आठवण होऊन आमच्या हातांवर.

व्यंकटनं विचारलं, काय?
मी घास खाली ठेवला, बोटं पुसली,
आणि पार ट्रंकेपासून सांगायला लागले.